विमलबाईंचे हात

बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. विमलबाई मात्र पहिल्याच दिवशी मनगटं पुढे करून म्हणाल्या, "फोडल्यात. डाव्या सहा, उजव्या चार." भाजी काय केली ते सांगावं, तशा आवाजात.

मी दुसरबीडची कासारीण. शाळा चौथीपर्यंत. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात एका गावी नवं कॉलेज निघालं. गावाचं नाव लिहीत नाही, बाईंची माणसं हयात आहेत. दर पंधरवड्याला मी पेटी घेऊन कॉलेजमागच्या क्वार्टरांत जायची. विमलबाई तिथे इतिहास शिकवत. यजमानही तिथेच प्राध्यापक. दोघांचे पगार तोच उचलायचा. बाईंच्या हातात टपालाच्या तिकिटापुरतेही पैसे नसत. बांगड्यांचे मात्र तो स्वतः द्यायचा, हसून. "हात भरून भरा, गंगाबाई. वर्गात शोभलं पाहिजे."

माझा धंदा कशावर चालतो ते मला कळत होतं. मी पैसे घेत होते.

बांगडी भरताना हात ढिला सोडावा लागतो. बाईंना ते जमत नसे, मूठ आवळलेलीच.

"बाई, ढिला सोडा, नाई तं काच रुतते."

"सवय मोडली हो, गंगाबाई."

एकदा मी विचारलं, "माहेरी काऊन जात नाई तुम्ही?"

"जालन्याला भाऊ आहे. एसटीच्या भाड्याला पैसे नाहीत." मग दाराकडे पाहून हळूच म्हणाल्या, "तुम्ही एक डझन भरा, त्यांना दोन सांगा. वरचे पैसे तुमच्याजवळ ठेवा."

तसं सुरू झालं. तो कधी मोजत नसे. पैशांची पुडी मी पेटीच्या तळाशी ठेवायची. पण बांगड्या फुटल्या तरच पुडीत भर पडणार. एका खेपेला गेले, तर बाईंचे हात होते तसेच भरलेले. बाई म्हणाल्या, "बरा गेला पंधरवडा. जालना काही जवळ आलं नाही." आणि हसल्या. मला हसू आलं नाही.

पुढच्या खेपेला त्यांचे दोन्ही हात मोकळे होते. अंगणात पाट्याजवळ काचा पडलेल्या. स्वतःच आपटल्या होत्या. यजमान दारात आला, काचांकडे पाहत राहिला.

"गंगाबाई, या पंधरवड्यात मी हात लावलेला नाही. मग या कशा फुटल्या?"

आपण मारतो हे त्यानं कधी कबूल केलं नव्हतं. पण कधी मारलं आणि कधी नाही, ते त्याला पाठ होतं.

"वाढते सर, कपडे धुता-धुता," मी म्हणाले.

पुढच्या वेळी गेले, तर बाईंच्या हातात लाल प्लास्टिकच्या बांगड्या. त्यानं अकोल्याहून आणलेल्या. "या फुटत नाहीत," तो मला दारातूनच म्हणाला. "आता तुम्हाला इकडे यायची तकलीफ नको."

पुडीत भाड्याला सव्वा रुपया कमी होता. तो मी घालू शकले असते. पुडी कुठल्याही दिवशी कॉलेजच्या पायऱ्यांवर बाईंच्या हातात देता आली असती. पण क्वार्टरांतली नऊ घरं माझी गिऱ्हाइकं होती, आणि त्याच्या एका शब्दावर ती तुटली असती. म्हणून दिली नाही. दुसरं कारण नाही.

दिवाळीच्या सुट्टीत त्या एसटी स्टँडवर भेटल्या. नवऱ्याच्या गावी निघाल्या होत्या. तो तिकिटं काढायला खिडकीवर उभा होता. समोर जालन्याची गाडी लागलेली. मी सवयीनं त्यांचा हात हातात घेतला.

"बघा गंगाबाई," त्या म्हणाल्या, "एकही फुटली नाही."

मूठ उघडी होती. हात इतका ढिला, की कुठल्याही मापाची बांगडी गेली असती.