बनाबाईच्या दुधाचे साक्षीदार

मंगळवार पेठेच्या कोपऱ्यावर बनाबाई रोज संध्याकाळी म्हैस उभी करून गिऱ्हाइकांसमोर धार काढत असे. १९५३ साली एका कंत्राटदाराने तिथं भरधाव मोटार वळवली आणि बनाबाईचा पाय मोडून तो निघून गेला. त्याला शिक्षा झालीच पाहिजे, असा तिचा हट्ट. “मग डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार आणा,” वकील म्हणाले. बनाबाईला ते सोपं वाटलं. त्या वेळी निम्मी पेठ पेले धरून उभी होती.

कोर्टात तात्या मास्तरांनी सांगितलं, की त्यांचं लक्ष फेसाकडे होतं. सयाजी पैलवान डोळे मिटून दूध पितो, हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. अप्पा दुकानदाराला मोटार दिसली नाही. हॉर्न मात्र स्पष्ट ऐकू आला. कंत्राटदार सुटला.

काठी टेकत बनाबाई पुन्हा कोपऱ्यावर आली, तेव्हा तिघेही पेले घेऊन हजर.

“पाय बरा हाय न्हवं, बनाबाई?” सयाजीनं विचारलं.

तिनं रेडकू सोडलं. ते थेट कासेला लागलं.

“अगं, आमचं दूध!”

“आज समदं रेडकू पिणार.”

“आन् आमी काय करायचं?”

“बघा की! डोळं हाईत न्हवं? बघायची सवय लावून घ्या, मुडद्यांनो.”