दोन नंबरच्या खुर्चीवरचा शेअर बाजार

सलूनमध्ये किस्से केसांसारखेच साचतात. संध्याकाळी झाडून काढावेत, तर सकाळी पहिलं गिऱ्हाईक उठेपर्यंत पुन्हा ढीग!

सोनईत माझं दोन खुर्च्यांचं दुकान आहे. दाराजवळची एक नंबरची खुर्ची माझी, आतली दोन नंबरची अमोलची. अमोल पंचविशीतला, हाताला सफाई असलेला. निम्म्या वाट्यावर काम करतो, म्हणजे त्याच्या खुर्चीवर जमेल त्यातलं निम्मं माझं. गेल्या वर्षी हे पोरगं मोबाईलवर एसआयपी करायला लागलं, मग थोडेथोडे शेअर घ्यायला लागलं, आणि तेव्हापासून दुकानातले सगळे किस्से त्याच्याच नावावर जमा व्हायला लागले. दुकान माझं, बोर्डावर नाव माझं, आणि किस्से त्याचे! पोटात दुखणार नाही तर काय?

*

आमचे भाऊसाहेब म्हणजे कायम घाईतला माणूस. शेतातली मोटार चालू ठेवूनच दाढीला येणार. "दत्ता, आटप लवकर, तिकडं वाफा फुटंल!" हे त्यांचं नेहमीचं. दहा वर्षांत त्यांनी मला कधी धड मिशी कोरू दिली नाही.

एका सकाळी माझी खुर्ची रिकामी होती. मी कापड झटकलं, म्हणालो, "या भाऊसाहेब, बसा."

"नगं, अमोलकडं बसतो. होऊ दे त्याचं निवांत."

"आणि मोटार?"

"आज गावातच लाईट न्हाई!"

माझ्या डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. भाऊसाहेब त्याच्याच खाली बाकावर बसले आणि अमोलची तीन गिऱ्हाइकं होईपर्यंत हलले नाहीत.

त्यांच्या मागोमाग आमचे रिटायर्ड गुरुजी आले. गुरुजींच्या डोक्यावर गेली कित्येक वर्षं एक केस नाही, आणि दाढी ते घरीच करतात. तेही अमोलच्या रांगेत! नंबर आल्यावर खुर्चीत बसले, कापड गुंडाळून घेतलं. अमोलने कंगवा हातात घेतला, डोकं बघितलं, कंगवा परत ठेवला.

"गुरुजी, काय करायचं?"

"ते तू बघ रे काहीतरी. आधी मला सांग, म्युच्युअल फंडात कितपत टाकावं?"

वर गुरुजींनी पूर्ण कटिंगचे पैसे दिले. निम्मे माझे होते म्हणून मी गप्प बसलो.

*

एकदा बाजार पडला. दुकानातल्या टीव्हीवर सगळं लालेलाल. खोटं कशाला बोलू, मला इतकं बरं वाटलं की विचारू नका! मी समोरच्या टपरीवर हाक मारली आणि अख्ख्या दुकानाला चहा सांगितला. अमोललाही दिला. वर त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "चालायचंच रे, धंद्यात खाली-वर होतंच."

अमोल चहा पिऊन म्हणाला, "व्हय ना दादा! लई दिवस वाट बघत हुतो. आज स्वस्तात गावले, जास्तीचे घेतले!"

टपरीवाल्याला सांगून बघितलं, पण प्यालेला चहा तो काही परत घेईना.

*

मग मीही गुपचूप एक शेअर घेतला. बाळू टेम्पोवाल्याच्या सांगण्यावरून. बाळू कांद्याच्या गोण्या घेऊन घोडेगावला जातो, चार लोकांत उठबस असते, मला वाटलं त्याला कळत असणार. घेतल्या दिवसापासून तो शेअर असा खाली जायला लागला, जसा काही माझीच वाट बघत होता.

शेवटी राहवेना. कात्रीला धार लावता लावता सहज विचारल्यासारखं अमोलला विचारलं, "अरे, माझ्या एका गिऱ्हाइकानं हा शेअर घेतलाय म्हणे. लई पडलाय. काय करावं त्यानं?"

अमोलने नाव बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग अगदी गंभीरपणे म्हणाला, "दादा, त्या गिऱ्हाइकाला म्हणावं, वहिनीला कळायच्या आत विकून टाका!"

*

मध्यंतरी आमच्या शेजारचा गाळा रिकामा झाला आणि अमोलच्या डोक्यात जोडधंद्याने घर केलं. तो गाळा घ्यायचा, पण तिथे टाकायचं काय, हे ठरत नव्हतं. गाव कामाला लागलं. भाऊसाहेब म्हणाले, कोंबडीखाद्य ठेव. गुरुजी म्हणाले, झेरॉक्स. बाळू म्हणाला, रसवंती टाक, ऊस मी आणतो. आणि प्रत्येकाचं शेवटचं वाक्य एकच, "पार्टनर पाहिजे असंल तर आपण हायेच!"

मला मात्र मनातून सारखं वाटायचं, ह्याने मला विचारावं. मालक मी, हाताखाली घेतला मी, पार्टनरचा पहिला मान कोणाचा? आणि मला सोडून दुसऱ्याला घेतलं तर? उद्या तो दोन नंबरची खुर्ची सोडून तिकडेच बसला, तर गुरुजी काय माझ्याकडे येणार आहेत?

एके दिवशी मधल्या भिंतीवर थाप मारून मी म्हणालोच, "अमोल, ही भिंत काढली तर केवढं दुकान होईल नाही!"

"छे छे दादा! भिंत तर पायजेच."

इतका राग आला की त्या दिवशी मी दुपारचा डबा त्याच्याकडे पाठ करून खाल्ला. घरी येऊन बायकोला, सुनीताला, सांगितलं, "चढलाय तो. बघ, शेवटी त्या टेम्पोवाल्याला घेणार पार्टनर."

सुनीता भाकरी थापत म्हणाली, "घेईना का. तुमी कशाला जीव जाळता?"

हिला काय कळणार!

*

आमच्या धंद्यातल्या माणसाला स्वतःचे केस कापता येत नाहीत. म्हणून अमोल माझे कापतो आणि मी त्याचे. परवा दुपारी दुकानात कोणी नव्हतं. अमोल माझ्या खुर्चीत येऊन बसला, "दादा, दाढीबी करा. गाळ्याचं पक्कं झालं, उद्या मालकाकडं जायचंय."

"पार्टनर मिळाला?"

"मिळाला."

"कोण?"

"सांगतो ना दादा. उद्या सांगतो."

मी फेस लावला. त्याची मान मागे टेकवली. वस्तरा गळ्यापाशी नेला, आणि आरशाखाली ठेवलेला त्याचा मोबाईल वाजायला लागला. स्क्रीनवर नाव होतं, "पार्टनर".

अमोलचे दोन्ही हात कापडाखाली. "राहू द्या दादा, मी नंतर करतो!" तो घाईघाईने म्हणाला.

मी कशाला राहू देतोय! डाव्या हाताने फोन उचलून स्पीकरवर टाकला.

"अमोल भावजी, गाळ्याची चावी कधी मिळतीय? पार्लरच्या खुर्च्या आजच सांगून टाकते. माझ्या एसआयपीतले पैसे काढले म्या. आन् ह्यांच्या कानावर इतक्यात घालू नगा, आदीच लई जळत्यात तुमच्यावर!"

आवाज सुनीताचा.

अमोलने डोळे मिटले. वस्तऱ्याखाली त्याचा गळासुद्धा हलत नव्हता.

"हॅलो? भावजी? ऐकताय न्हवं?"

मीच म्हणालो, "ऐकतोय. बोल."