चाचांचं ‘दिसलं नाही’

अकोल्याला गुरांचं रक्त तपासायच्या आमच्या प्रयोगशाळेत चाचांनी उभ्या नोकरीत एकदाही ‘निगेटिव्ह’ लिहिलं नाही. काचपट्टीवर पसरलेलं रक्त ते मायक्रोस्कोपखाली अर्धा-अर्धा तास बघायचे आणि जंतू सापडला नाही की फॉर्मवर लिहायचे, ‘दिसलं नाही’. यावरून दोन साहेबांनी त्यांना मेमो दिले. चाचांनी ते व्यवस्थित फायलीला लावले आणि पुढच्या फॉर्मवर पुन्हा तेच लिहिलं.

नमुना आला की ते आधी जनावराचं नाव विचारत, नंबर नंतर. नाव माहीत नसेल तर आणणाऱ्याला परत फोन करायला लावत. साहेब म्हणत, बैलाच्या नावानं रोग बदलतो का? चाचा म्हणत, ‘‘रोग नाय बदलत साहेब, पाहणारा बदलते.’’

मी अमरावतीहून नवीकोरी पदवी घेऊन रुजू झाले, त्याच वर्षी पीसीआरचं यंत्र आलं. रक्तातल्या परजीवीचा डीएनए कितीतरी पटींनी वाढवून तो आहे की नाही ते हे यंत्र सांगायचं. मला वाटलं, आता चाचांचं काम संपलं. चाचांना मात्र यंत्राचा भारी पुळका. ते त्याला ‘पोट्टं’ म्हणत. त्यांना न सापडलेला सर्रा, म्हणजे गोमाश्यांमधून पसरणारा रक्तातल्या परजीवीचा रोग, यंत्रानं पकडला की कौतुकानं सांगत, ‘‘पोट्ट्याची नजर माह्यापेक्षा तेज हाय.’’ त्यांना यात कमीपणा वाटत नसे, याचाच मला राग यायचा.

ऐन डवरणीत, म्हणजे उभ्या पिकात बैलांनी कोळपायच्या दिवसांत, तेल्हाऱ्याकडून वजीरचं रक्त आलं. विमलबाई नावाच्या बाई आपल्या बैलजोडीनं स्वतः लोकांची शेतं डवरायच्या, त्यावर त्यांचं घर चालायचं. जोडीतल्या वजीरला ताप चढत-उतरत होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो जागच्या जागी गोल फिरत होता. तिथल्या डॉक्टरांना सर्ऱ्याचा संशय होता. चाचांनी काचपट्टी पाहून लिहिलं, ‘दिसलं नाही’. मी यंत्र लावलं आणि सहीशिक्क्यानिशी लिहिलं, ‘निगेटिव्ह’. डॉक्टरांनी माझ्यावर विश्वास ठेवून सर्ऱ्याचं इंजेक्शन रद्द केलं.

चार दिवसांनी टाकायच्या नळ्या वेगळ्या करताना चाचांनी एक उचलली. ‘‘बेटा, वजीरच्या नळीले हिरवं झाकण काहून?’’

जांभळ्या झाकणाच्या नळ्या संपल्या होत्या, म्हणून मीच तेल्हाऱ्याच्या दवाखान्याला हिरव्या पाठवल्या होत्या. हिरव्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे औषध असतं, ते पीसीआरला आंधळं करतं. परीक्षेत हे लिहून मी पैकीच्या पैकी गुण घेतले होते.

दवाखान्यात कोणी फोन उचलेना. चाचांनी जांभळ्या नळ्या पिशवीत टाकल्या आणि आम्ही दुपारची एसटी धरली.

वजीर आदल्या दिवशीच गेला होता. गोठ्यात जोडीतला चांद्या एकटा उभा होता, त्याच्याही डोळ्यांतून पाणी गळत होतं. यंत्रानं दगा दिला, असं वाक्य मी वाटेतच जुळवून ठेवलं होतं. चाचांनी मला दंडाला धरून पुढे केलं.

‘‘बाई, रिपोर्ट आमचा चुकला. या पोरीनं रक्त चुकीच्या नळीत मागवलं. नळी माह्या समोर होती, म्या झाकण पाह्यलं नाही.’’

विमलबाईंनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी चांद्याची वेसण धरली, मान वळवून शीर पुढे केली आणि म्हणाल्या, ‘‘घे. याचं तरी नीट पाह्य.’’

चांद्याच्या रक्तात सर्रा निघाला. त्याला इंजेक्शन मिळालं, तो वाचला. एकट्या बैलानं डवरणी होत नाही, म्हणून विमलबाई ते वर्षभर दुसऱ्यांच्या शेतात मजुरीनं तण निंदायला गेल्या.

लोकांसमोर माझी लाज काढली म्हणून मी महिनाभर चाचांशी बोलले नाही. ते रोज माझ्या टेबलावर चहा ठेवून जात, मी तो थंड होऊ देई. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत वारले. तो महिना मला परत हवा आहे.

आता माझ्या हाताखालचं कोणी चुकलं की मी त्याला एसटीत घालून जनावराच्या मालकासमोर नेऊन उभं करते. तीही पोरं नंतर माझ्याशी महिनाभर बोलत नाहीत.