मोडकी जोडाक्षरं

मी शिलाई मशीन चालवते आणि तोंडबी. पण सगीराबाई वाचायला लागल्या की दोन्ही बंद ठेवून मी काजं-बटणं करते. मशीनच्या आवाजात एखादं वाक्य निसटलं तर पुन्हा वाचा म्हणायची सोय नाय. बाई लगेच विचारतात, "वर्गात लक्ष कुठे होतं?"

हर्सूलला त्यांचं नि माझं घर भिंतीला भिंत लागून. फर्दापूरच्या शाळेत त्यांनी जन्मभर मराठी शिकवलं. सगीरा नावाची बाई मराठी काय शिकवणार, म्हणून आधी लोकांनी नाकं मुरडली. मग त्यांच्याच पोरांच्या वह्या लाल शाईनं भरल्या आणि नाकं आपोआप सरळ झाली. जोडाक्षर मोडून लिहिलं की मार्क कापला, पोरगं पाटलाचं असो की मौलवीचं.

रिटायर झाल्यावर बाईंच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला. पुस्तक उघडलं की ओळींच्या जागी नुसता धूर. तेव्हा त्या कुणाशी धड बोलतबी नव्हत्या. मग पुण्याहून त्यांच्या मुलानं, फरहाननं, पुस्तकं वाचायचं यंत्र धाडलं. पाटीएवढं. त्यात अक्षर बोराएवढं मोठं करता येतं. बाई परत माणसात आल्या. रोज दुपारी त्या मोठ्यानं वाचायच्या आणि मी ऐकायची.

यंदा त्या यंत्रानं आपल्या मनानं अपडेट घेतलं आणि सगळी जोडाक्षरं मोडली. 'विद्यार्थी'तला द पाय मोडून एकीकडं, य दुसरीकडं. मी म्हणलं, "बाई, अर्थ तर कळतोय ना?" झालं, आगीत तेल ओतलं मी.

"अर्थ शेळीलाही कळतो, रूपा. मी शेळ्यांना शिकवलेलं नाही."

त्यांनी आधीचं जुनं सॉफ्टवेअर परत टाकायचं ठरवलं. इंटरनेटवरून फाईल लॅपटॉपवर उतरवून यंत्रात घातली, पण चार्जिंग करायचं राहिलं आणि काम अर्ध्यावर असताना बॅटरी संपली. त्यानंतर कितीबी चार्ज करा, पडद्यावर कंपनीचं चित्र यायचं आणि तिथंच गोठायचं. आमची गोष्टबी अडकली. तिच्यातली गंगू नवऱ्याचं घर सोडून निघाली होती, ती दारातच उभी राहिली.

फरहान फोनवर म्हणाला, "अम्मी, जाऊ दे ते. नवीन पाठवतो."

"नव्यातही हीच मोडकी अक्षरं येणार. नको मला."

गारखेड्याच्या दुकानदारानं यंत्र उलटंपालटं करून शोकेसमध्ये ठेवायला सांगितलं. घरी आल्यावर बाई रडल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. "पुन्हा तो धूर नको गं मला," म्हणाल्या. मग डोळे पुसले, भिंग काढलं आणि लॅपटॉप उघडला.

भिंगातून एकेक शब्द वाचून त्यांनी उपाय हुडकला. यंत्राचं बटण दाबून धरायचं, तसंच धरून वायर लावायची. मग मेलेलं यंत्रबी लॅपटॉपला दिसतं. त्यात फाईल ठेवायची आणि वायर काढायची. बटण दाबायचं काम माझ्याकडं. अंगठा बधिर झाला माझा. फाईल आत गेली, वायर काढली, पुन्हा तेच चित्र. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

मी वैतागले. "बाई, गेलेल्याला किती हाका मारायच्या?"

"हाक चुकीची असेल," बाई म्हणाल्या.

आणि त्यांनी भिंग फाईलच्या नावावर धरलं. आधीची फाईल लॅपटॉपमध्ये असताना त्यांनी तीच परत उतरवली होती, म्हणून लॅपटॉपनं नावाला कंसातला एक आकडा जोडला होता. यंत्र एका नावाची वाट बघत होतं आणि आम्ही भलत्याच नावाची फाईल पुढं करत होतो.

"हे तर माझ्यापेक्षा खडूस निघालं," म्हणत बाईंनी ते शेपूट खोडलं. मी बटण दाबलं. ह्या खेपेला पडद्यावर एक काळी रेघ हळूहळू सरकत टोकाला गेली आणि यंत्र चालू झालं.

आतलं सगळं पुसलं गेलं होतं, पण पुस्तकं लॅपटॉपवर होती. बाईंनी आमची गोष्ट परत भरली आणि आधी जोडाक्षर शोधलं. द्य धडधाकट होता. त्यावरून बोट फिरवून त्यांनी यंत्र माझ्या मांडीवरच्या ब्लाउजवर ठेवलं.

"वाच."

"मी? चौथी शिकलेली बाई मी. जोडाक्षर आलं की जीभ अडती माझी."

"ह्याचा भरवसा नाही आणि माझ्या डोळ्यांचा तर नाहीच. उद्या पुन्हा धूर झाला तर मला कोण वाचून दाखवणार?"

हातातली सुई मी पदराला खोचली. पानं सरकवत मी गंगूला हुडकलं.

"गंगूनं उंबर... उंबरठ..."

"घाबरू नकोस. ठ ला य जोड."

"उंबरठ्या... उंबरठ्यावरून पाय बाहेर टाकला."

मी थांबून बाईंकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"लक्ष आहे माझं," त्या म्हणाल्या. "पुढे वाच."