सुमनताईंची ताजी घडी

आमच्या शाळेच्या शिवणशिक्षिका सुमनताई यंदा पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांची नि माझी ओळख भांडणातून झाली. घोरावाडी स्टेशनजवळच्या या शाळेत मी नवा विज्ञानशिक्षक होतो आणि मुलींकडून कागदी नळीची छोटी रॉकेटे उडवून घेण्याचे खूळ माझ्या डोक्यात होते. रॉकेट झकास वर जाई, पण खाली येताना त्याला अलगद उतरवणारी प्लॅस्टिकची छत्री उघडत नसे. एकदा शिवणाच्या वर्गात दोरा मागायला गेलो, तर ताईंनी माझ्या हातातली छत्री घेऊन पाहिली आणि सगळ्यांसमोर विचारले, "सर, ही घडी हाय का बोळा?"

मला भयंकर राग आला. पण दुसऱ्याच दिवशी छत्र्यांचे काम त्यांच्याकडे सोपवले.

ताई जवळच्याच आंबी गावच्या, शेतकरी घरातल्या. छत्रीवर अंगाला लावायची पावडर भुरभुरून त्या नऊवारीच्या निऱ्यांसारख्या घड्या घालत आणि दोरे सैलसर गुंडाळत. मग घडी रॉकेटच्या नळीत सरकवून नळी उलटी धरत. घडी आपसूक ओंजळीत पडली तरच ती पास. त्यांचे दोन नियम होते. घडी उडवायच्या वेळीच घालायची, कारण "शिळी घडी उघडत न्हाई". आणि जो घडी घालील, त्याच्या नावाची चिठ्ठी दोऱ्याला बांधायची.

एका हिवाळ्यात आंबीच्या माळावर गावकऱ्यांसमोर आमचे मोठे रॉकेट उडायचे होते. आठवीच्या मुलींनी ते वर्षभर खपून केले होते. ताई आदल्या दिवशी आजारी बहिणीकडे वलवणला गेल्या होत्या. सकाळी घाई नको म्हणून मी संध्याकाळीच घडी घालून ठेवली आणि माझ्या नावाची चिठ्ठी बांधली. ताई पहाटेच्या गाडीने थेट माळावर आल्या, तेव्हा मुली अजून यायच्या होत्या.

"घडी कवा घातली, सर?"

"आत्ताच," मी म्हणालो. धडधडीत खोटे.

रॉकेट सुरेख गेले. वर टोपी सुटली, छत्री बाहेर पडली. पण रात्रभरच्या थंडीत ताठरलेली ती घडी तशीच राहिली आणि रॉकेट हरभऱ्याच्या शेतात आपटून फुटले. मुली रडू लागल्या. सगळ्यांच्या आधी ताई तिथे पोचल्या. परत आल्या तेव्हा त्यांची एक मूठ मिटलेली होती.

"माझ्या हातची घडी व्हती, पोरींनो. चुकलं माझं."

मी गप्प राहिलो. घडी म्हणजे ताईच, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. वर मुख्याध्यापकांनी मला सांगितले, यापुढे बाईंची प्रत्येक घडी तुम्ही तपासत जा. आणि लाजेची गोष्ट अशी, की मी वर्षभर तपासली!

ताई दर वेळी घडी उलगडत, माझ्यासमोर पुन्हा सावकाश घालत आणि मुलींसमोर विचारत, "बघा सर, बरोबर हाय का?" मी मान डोलवी. वर्ष सरल्यावर माझ्या लक्षात आले, की आता मला उत्तम घडी येते. तपासनीस म्हणून बसवलेल्या माणसाला त्यांनी चारचौघांत कमीपणा न आणता शिकवले होते.

परवा आंबीला जाऊन त्यांना सांगितले, की त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात मी हे सगळे लिहिणार आहे. त्यांनी विचारले, "आता कशापायी? त्या पोरींच्या पोरीबी शाळंत गेल्या."

"तुमचाच नियम आहे, ताई. ज्याची घडी त्याची चिठ्ठी."

ताई उठल्या आणि शिवणाच्या डब्याच्या तळातून एक पिवळी पडलेली चिठ्ठी काढून माझ्या हातावर ठेवली. माझेच अक्षर होते.

"मग लिवा," त्या म्हणाल्या. "पर पुढं घडी लय चांगली घालाय लागला, तेबी लिवा."

तेव्हा त्या दिवशीच्या आठवीच्या मुलींनो, तुम्ही जिथे असाल तिथे वाचा: ती घडी माझी होती. ताईंच्या हातची एकही छत्री कधी मिटलेली राहिली नाही. त्या हातांना बळ आणि ताईंना निरोगी शंभरी लाभो. शंभरीला आपण पुन्हा माळावर जमू. घडी ताई घालतील आणि मी ती तपासणार नाही.