गोल कागदावरचा पहिला नंबर

ऑगस्टमधला तिसरा रविवार, दुपारी चार. नवीन जालना, स्टेशनजवळच्या ग्रंथालयाचा वरचा हॉल. हजर — चित्रपट मंडळाचे सभासद नऊ, ग्रंथालयाचे वाघमारे काका, पाहुणे एकतीस, नसरीन, तिची मुलगी आलिया, आणि मी.

प्रत्येक कार्यक्रमानंतर मी अशी नोंद करते. त्या दिवशी तिच्याखाली अजून एक गोष्ट लिहायला हवी होती. ती मी लिहिली नाही. आजवर कोणाला सांगितलीही नाही — नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

माझी सवय आधी सांगते. मी बियाण्यांच्या कंपनीत माल रवाना करण्याचं काम बघते. यादीशिवाय मला सुचत नाही, आणि यादीचा माझा एक नियम आहे — प्रत्येक कामाला क्रियापद हवं. ‘खुर्च्या’ एवढंच लिहिलं तर खुर्च्या येत नाहीत. ‘खुर्च्या मागवणे’ लिहिलं की येतात. हाताखालच्या सगळ्यांना मी हे शिकवलंय. ते हसतात, पण तसंच लिहितात.

तर, तो सिनेमा. दूरच्या एका देशातला, लष्करशहाच्या राजवटीतला. विद्यापीठातली मुलं चोरून पत्रकं छापतात आणि त्यांच्यातली एक मुलगी पकडली जाते. अधिकारी तिला मारत नाही. खुर्ची देतो, पाणी देतो, आणि एक ते चाळीस आकडे घातलेला कागद पुढे सरकवतो — नावं लिही. ती लिहायला बसते. कॅमेरा कागदावर येतो तेव्हा कळतं, चाळीसही ओळींवर तिने स्वतःचंच नाव लिहिलंय.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवल्या.

पुढचं काम होतं ‘चर्चा घेणे, वीस मिनिटं’. मी माइक घेऊन पुढे गेले आणि तिसऱ्या रांगेतून नसरीन उठली. नसरीन माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. जुन्या जालन्यात शिवणाचे क्लास घेते. तिला माइक लागत नाही.

“ऐका, ऐका! असाच सिनेमा आमच्या हॉस्टेलात झाल्ता. अन् त्यातली हिरोइन ही बघा — समोर माइक धरून उभी राह्यली!”

सगळे हसले. मी हात हलवून नको नको म्हटलं. लोकांना तो विनय वाटला.

मग तिने सांगितलं, आणि छान सांगितलं. जालन्यातलंच मुलींचं वसतिगृह, आम्ही पहिल्या वर्षाला. रेक्टरबाई आमची पत्रं फोडायच्या. वाचून पसंत पडली तर द्यायच्या, नाहीतर कपाटात. नसरीनचे अब्बा भोकरदनला कुलपं दुरुस्त करायचे आणि पत्र उर्दूत लिहायचे. ऑफिसात उर्दू कोणाला येत नव्हतं, त्यामुळे ती पत्रं पसंत पडण्याचा प्रश्नच नव्हता. चार महिने तिला घरून एक ओळ मिळाली नाही. तेव्हा आम्ही अर्ज केला. मेसमधलं ताट कागदावर पालथं घातलं, कडेने पेन्सिल फिरवली आणि त्या गोलावर तेवीस जणींनी सह्या केल्या. गोलच का? पहिली कोण ते कळू नये म्हणून. गोलाला पहिलं कोणी नसतं.

“अन् कागद ठेवायला दिला कुणाकडं? हिच्याकडं. मंग बाईंनी हिला हापिसात बोलावलं. दोन तास बसवून ठेवलं. पण ही बया! पहिली सही कुणाची, ते नाव न्हाई दिलं. बिलकुल न्हाई!”

कोणीतरी विचारलं, मग पुढे काय झालं?

“पुढं काय, मलाच काढलं की. माझंच तोंड जास्ती चालायचं ना. बाईंनी बराबर अंदाज मारला.”

पुन्हा टाळ्या. या वेळी माझ्यासाठी. मला तिथून जायचं होतं, पण जाणार कुठून? दार मागच्या बाजूला होतं, आणि दहा माणसं जास्त बसावीत म्हणून मधली वाट मीच खुर्च्या टाकून बंद केली होती. भिंतीकडे पाठ करून उभी राहिले आणि हसले. हो — मी हसले.

आता खरं काय झालं ते.

मला तो गोल सहन होत नव्हता. तुम्हाला हे विचित्र वाटेल, पण नावं अशी फिरत बसलेली मला बघवत नव्हती. कोण राहिली हे कळायचं कसं? सह्या होत असताना मी शेजारी बसून वहीत उतरवत गेले — ज्या क्रमाने झाल्या त्या क्रमाने, समोर आकडे घालून. एक ते तेवीस. कोणी सांगितलं नव्हतं. खाली रेघ मारली, पान काढलं आणि ती पक्की प्रत रसायनशास्त्राच्या जर्नलमध्ये ठेवली. एक नंबरला नसरीन होती. अर्ज तिच्याच पत्रांवरून निघाला होता, तर दुसरं कोण असणार?

दुसऱ्या दिवशी बाईंनी बोलावलं. रात्रभर माझ्याकडे असलेला गोल कागद सकाळीच एकजण त्यांच्या टेबलावर ठेवून आली होती, तसं ठरलंच होतं. मी धमकीची तयारी करून गेले होते. त्या ओरडल्या असत्या तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “शोभा, तुझं काम किती नीट असतं गं. सह्या कोणत्या क्रमाने झाल्या, याची यादी केली असशीलच तू. दाखव बरं.”

मी हातातलं जर्नल उघडलं.

एवढंच. किती वेळ लागला असेल? चहा अजून आलाही नव्हता.

मग दोन तास? ते खरे आहेत. बाईंनी कपाट उघडलं, अडवलेल्या पत्रांचा ढीग काढला आणि म्हणाल्या, एवढी लावून दे. मी लावली. टपालाचे शिक्के बघून, तारखेवार, प्रत्येकीची वेगळी. चहा प्याले. मन रमलं — हे लिहिताना हात थांबतोय, पण मन रमलं होतं. नसरीनच्या अब्बांची अकरा पत्रं होती. फोडलेली, आणि तरी न वाचलेली. मी त्यांना दोरा बांधला आणि गाठ मारून कपाटात परत ठेवली. एखादं ओढणीखाली घेता आलं असतं. बाई मधे दोनदा बाहेर गेल्या होत्या.

बाहेर आले तर जिन्यात सगळ्या उभ्या. “दोन तास ठेवलं गं हिला,” असं कोणीतरी म्हणालं आणि नसरीनने मला मिठी मारली. तिचे हात गार होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणाले, पाणी द्या.

सकाळी शिपायाने नसरीनची पेटी फाटकाशी आणून ठेवली. दुपारच्या एसटीने अब्बा आले. ते भांडले नाहीत. फाटकाच्या कुलपाकडे एकदा बघितलं आणि विचारलं, “माझे खत मिळत नव्हते का हिला?” बाईंनी तो गठ्ठा आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोरा सोडला आणि वरचं पत्र पाहिलं, मग खालचं. तारखेवार. म्हणाले, “कुणी तरी मोठ्या कायद्याने लावलेत.” कायद्याने म्हणजे नीट, शिस्तीत. मी चार पावलांवर होते.

नसरीन पुन्हा कॉलेजला गेली नाही. शिक्षण विचारलं की ती आजही हसत सांगते, “बारावी, अन् वर अर्धं वर्ष.” ती लग्न होऊन जालन्यात आली तेव्हा आमची पुन्हा गाठ पडली. ईदचा शीरखुर्मा माझ्याकडे येतो, दिवाळीचा फराळ तिच्याकडे जातो. ही गोष्ट तिने सासरी सांगितली, शेजारी सांगितली, मुलांना सांगितली. प्रत्येक वेळी मी तिथे होते असं नाही. पण जेव्हा होते तेव्हा गप्प होते. गप्प बसण्याचंच तर माझं नाव झालेलं — मग कोणाला वेगळं काय वाटणार?

आणि तरीही, जुनं एवढंच असतं तर मी कदाचित हे लिहिलं नसतं. त्या रविवारी खाली चहा घेताना आलिया माझ्याजवळ आली. ती संभाजीनगरला शिकते, वसतिगृहात राहते. तिकडे मुलींना रात्री फोन जमा करावे लागतात आणि त्यावर अर्ज चाललाय.

“मावशी, आम्ही पण गोलच करून राह्यलो. अम्मीनं सांगितलं. कागद माझ्याकडंच आहे. मला भीती वाटते — तुम्ही कसं सहन केलं?”

विचार करा. एकोणीस वर्षांची मुलगी, नसरीनचेच डोळे. आणि मी म्हणाले, “काही नाही गं. खाली मान घालायची आणि गप्प बसायचं.”

माझ्या तोंडातून हे इतकं सहज आलं की मलाच ऐकायला खरं वाटलं. मग एक वाक्य मी अजून बोलले. त्या दिवसातलं खरं तेवढंच. म्हणाले, “गोल असेल तर गोलच राहू दे. नंबर टाकू नकोस.” तिने ते फोनमध्ये लिहून घेतलं. मागून नसरीन आली, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “शिकून घे मावशीकडून.”

त्या वेळी मी अठरा वर्षांची होते, हे मी बऱ्याचदा स्वतःला सांगितलंय. त्या रविवारी अठरा वर्षांची नव्हते.

माझ्या वह्या सगळ्या जपून आहेत. गेल्या आठवड्यात चाळल्या. दर काही महिन्यांनी, यादीच्या तळाशी, एकच शब्द सापडतो — ‘नसरीन’. गॅस मागवणे, विम्याचा हप्ता भरणे, आईच्या गोळ्या आणणे, नसरीन. बाकीच्या कामांपुढे क्रियापद आहे आणि बरोबरची खूण आहे. त्या शब्दापुढे दोन्ही नाही. वही भरली की पुढच्या वहीत तो उतरवलेला आहे, स्वच्छ अक्षरात.

आजच्या यादीत सहा कामं होती. पाच झाली. सहावं आज पहिल्यांदा पूर्ण लिहिलं — ‘नसरीनला सांगणे’. तिचा क्लास सहाला सुटतो. आता सव्वासात झालेत, आणि त्या कामापुढचा खुणेचा चौकोन रिकामा आहे.