डिग्रीवाल्या सिदूचं चॉपर

सिदूचे पाय अधू आहेत हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणाच्या लक्षात राहत नव्हतं. त्याची गाठ पडायची ती दूध सोसायटीच्या टेबलाशी, आणि टेबलामागं बसलेल्या माणसाचे पाय कोण बघतो? तिथं दिसायचे त्याचे हात. किटलीतलं दूध उभ्या भांड्यात ओतायचं, त्यात काचेची डिग्री सोडायची, ती दोनदा वरखाली होऊन थांबली की आकडा वाचायचा. दुधात पाणी आहे का ते सांगणाऱ्या त्या लॅक्टोमीटरला आमच्याकडं डिग्रीच म्हणतात. म्हणून सिदू डिग्रीवाला. शाळा चौथीपर्यंत झालेली, तरी वाडीतला पहिला डिग्रीवाला तूच, असं मी त्याला चिडवायचो.

मी बद्रीनाथ, त्या सोसायटीचा सचिव. आमची वाडी उमापूरच्या अलीकडं, डांबरी रस्ता सोडून आत. सिदू माझ्या बरोबरीचा, मेंढपाळाच्या घरातला. तीन वर्षांचा असताना ताप आला आणि पाय गेले. बाप, तात्याबा, त्याला खांद्यावर घेऊन मेंढरांमागं हिंडला. पण वाढत्या अंगाचं पोरगं किती वर्षं खांद्यावर न्यायचं? शेवटी घरी ठेवलं. मेंढपाळाच्या घरात ज्याला चालता येत नाही त्यानं करायचं काय, याचं उत्तर कुणापाशी नव्हतं. सोसायटी निघाली तेव्हा मीच त्याला टेबलाशी बसवला. हे सांगताना माझी छाती फुगते. पुढं मी जे केलं ते सांगताना मान खाली जाते. तेही सांगतोच.

सिदूनं डिग्रीपुढं नातंगोतं बघितलं नाही. सासऱ्याची किटली परत लावली, सासरा वर्षभर बोलला नाही. बायको सारजाबाई चार दिवस फुगून बसली आणि पाचव्या दिवशी तीच लोकांना सांगू लागली, "आमच्या मालकापुढं पाण्याचं काय चालत न्हाई." समाजकल्याणच्या शिबिरात मिळालेली हातानं फिरवायची तीनचाकी सायकल होती, तिच्यावर तो रोज पहाटे सोसायटीत यायचा. माझ्या आधी यायचा आणि मला उशीर झाला की चारचौघांत बोलायचा.

मग दोन हजार तेराचा उन्हाळा आला. पाऊस दोन वर्षं रुसलेला, विहिरी कोरड्या, ऊस वाळून गेलेला, कारखान्याची चिमणी थंड. सोसायटीनं गायरानात चारा छावणी काढली आणि वाडीतलं झाडून सगळं जनावर तिकडं गेलं. गाई-म्हशी तिकडं, म्हणजे दूधही तिकडं. सोसायटीचं टेबल उचलून छावणीत नेलं. अंतर जेमतेम चार किलोमीटर, पण मध्ये ओढा. ओढ्यात पाणी नाही, गुडघाभर वाळू. ओढा संपला की अंगावर येणारा चढ.

पहिल्याच दिवशी सिदू निघाला आणि वाळूत रुतला. लोकांनी ढकलून चढाला लावला, तर अर्ध्यावर सायकलचं पुढचं चाक उचललं आणि गडी पाठीवर आडवा. चौघांनी सायकलीसकट त्याला उचलून घरी आणला. पालखीच म्हणा. सगळे वाटेत गोड बोलत होते. "लागलं का रं?" "असू दे, असू दे."

चेअरमन सुंदरराव, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "कावून त्या गरिबाला तरास? घरी बसू दे. त्याच्या जागी आपला त्रिंबक बघंल." त्रिंबक त्यांचा पुतण्या. अण्णांच्या मनात पाप नव्हतं, हे मी शपथेवर सांगीन. ते खरोखर कळवळले होते. मीही कळवळलो आणि त्याच कळवळ्यात ठराव लिहिला, ‘श्री. सिदू यांना प्रकृतीच्या कारणास्तव विश्रांती देण्यात येत आहे.’ अक्षरसुद्धा छान आलं. वर शाल आणि नारळ घेऊन मीच त्याच्या घरी गेलो.

सारजाबाईनं शाल उलगडून बघितली आणि उठून दावणीच्या शेळीच्या अंगावर टाकली. "भावजी, हिला थंडी वाजत व्हती," ती म्हणाली. भर एप्रिलात! सिदू भिंतीला टेकून बसला होता. तो फक्त एवढंच म्हणाला, "बद्री, म्या मेलो का बे?"

मी चहा न घेता परतलो.

त्यानंतर सिदू गप्प झाला, आणि गाव त्याच्याशी मऊ बोलू लागलं. जाता-येता विचारपूस, बायकांची हळहळ, कुणी वाटीभर कालवण आणून देतंय. ज्याच्या धाकानं लोक पाण्याचा हात आखडता घेत होते, त्याला आता लोक केविलवाणं हसून दाखवत होते. इकडं छावणीत त्रिंबक दुधात डिग्री सोडायचा आणि मोबाईल बघायचा. समोरचा म्हणेल तो आकडा वहीत. दूध न्यायला येणाऱ्या गाडीनं दोनदा आमचे कॅन तसेच परत लावले.

पुढचं मला नंतर कळलं. उमापूर फाट्यावर बंकट वेल्डर आहे. त्याचा सगळा धंदा उसाच्या ट्रॉल्यांचा. ऊसच नाही तर ट्रॉली कुणाची जोडणार? माणूस कंटाळून स्वतःच्याच दुकानाचं शटर तीनदा वेल्ड करून बसला होता. त्याच्याकडं सिदू सायकल घेऊन गेला आणि म्हणाला, "बंकट, ही चढावर उताणी पडती आन् वाळूत रुतती. दोन्ही बंद कर."

बंकटनं सायकलभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बोट दाखवलं. गेवराईच्या एका स्पेअर पार्टवाल्यानं वाटलेलं कॅलेंडर. त्यावर एक दाढीवाला गोरा, लांबलचक नाकाच्या मोटारसायकलवर मागं रेलून बसलेला. पुढचं चाक पार लांब, बसायला खाली, हँडल खांद्याच्या वर. "ही बघ. पुढून लांब आन् बुडाला खाली. ही उताणी पडंल का?" बंकट म्हणाला. "हिला चॉपर म्हन्तेत."

"मग चॉपर कर," सिदू म्हणाला.

काम तीन आठवडे चाललं. पुढचं चाक धरणारा लांब चिमटा आटलेल्या बोअरच्या पाइपाचा केला. यंदा पाण्यासाठी घातलेल्या पाइपांना दुसरा उपयोगच उरला नव्हता. मागं भंगारातल्या लुनाची जाड चाकं, वाळूत रुतू नयेत म्हणून. बसायला जुन्या ट्रॅक्टरची सीट, जमिनीपासून हातभर उंच. गोऱ्याच्या हँडलच्या जागी हातानं फिरवायच्या दोन दांड्या, आणि तिथून पुढच्या चाकापर्यंत तीन सायकलींच्या चेना जोडून केलेली एकच चेन. ट्रॉलीचा उरलेला लाल रंग. दोन आरसे. आरशांची काय गरज, असं सारजाबाईनं विचारलं, तर दोघंही बाप्ये तिच्याकडं असे बघू लागले की तिनं विषय सोडला. गाडी एवढी लांब झाली, की पुढचं चाक वेशीत शिरलं तरी सिदू अजून गावाबाहेरच, असं बंकट सांगायचा.

ओढ्यावर पहिली चाचणी झाली तेव्हा गाडी रुतली नाही, उताणीही पडली नाही. पण चढावर पुढचं चाक जागच्या जागी गरागरा फिरू लागलं. पुढून फार हलकी झाली होती. बंकटनं कपाळाला हात लावला. सारजाबाई घरी गेली आणि फुटक्या जात्याची खालची दगडी तळी डोक्यावर घेऊन आली. "जातं फुटलंय, तळी नुसती आंगनात पडून हाय. बांधा म्होरं." तारेनं तळी पुढं आवळली आणि चाकानं माती धरली. सिदूनं दीड महिन्यात पहिल्यांदा जोरात हसून बंकटला शिवी घातली, असं बंकट आजही डोळे पुसत सांगतो.

आता माझी चूक. मंगळवारी मला बंकटचा फोन आला. "बद्रीभाऊ, बेस्तरवारी सकाळी सातला चॉपर छावनीवर येतंय. सांगून ठिवा."

त्या महिन्यात जिल्ह्यात रोज कुणी ना कुणी साहेब हवाई पाहणीला येत होते. पेपरात, टीव्हीवर, पारावर एकच शब्द, चॉपर. हेलिकॉप्टर म्हणायचं सगळ्यांनी सोडूनच दिलं होतं. अमुक साहेबांचं चॉपर इथं उतरलं, तमुक साहेबांचं तिथून वळलं. वेल्डरला साहेबांची खबर कुठून, एवढा साधा प्रश्न मला पडू नये? मी तसाच पळत अण्णांकडं गेलो.

अण्णांनी दोन दिवस जिवाचं रान केलं. गायरान झाडलं. चुन्याच्या फक्कीनं मोठा गोल काढून त्यात इंग्रजी एच काढला. तो त्रिंबककडून दोनदा तिरका आला. धूळ बसावी म्हणून टँकरचं अर्धं पाणी जमिनीवर मारलं, त्यावर बायकांनी अण्णांना ज्या शिव्या दिल्या त्या रास्तच होत्या. गेवराईहून झेंडूचा हार आला. मी चाऱ्याच्या मागणीचं निवेदन तीन प्रतींत तयार केलं.

गुरुवारी सातला सगळी छावणी माना वर करून उभी. आभाळ कोरडंठाक, घारसुद्धा नाही. आम्ही सगळे वर बघत होतो, आणि तो खालून आला.

आधी चेनचा खडखडाट ऐकू आला. मग चढाच्या तोंडाशी एक चाक दिसलं. बऱ्याच वेळानं त्यामागं सिदू दिसला. डोक्याला पटका, दोन्ही हात खांद्याच्या वर, दांड्या फिरवत, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. मागून सारजाबाई आणि बंकट चालत. चढ निम्मा झाला आणि चाक घसरलं. गाडी वीतभर मागं आली. आमच्यातले पाच-सहा जण धावले.

"कुनी हात लावायचा न्हाई!" सारजाबाई ओरडली. ते जागीच थांबले.

सिदूनं दम घेतला. पुढं वाकून अंगाचा भार दांड्यांवर टाकला. चाक एकदा फिरलं, परत फिरलं, आणि गाडी वर आली. आली ती थेट एचच्या मध्यावर. छावणीत असा गलका झाला की म्हशी दावी ताणू लागल्या. मीही ओरडलो की रडलो, आठवत नाही.

"आनलं चॉपर!" बंकट म्हणाला.

अण्णांनी हळूहळू माझ्याकडं मान वळवली. "बद्री, हे काय बे?"

"अण्णा," मी म्हणालो, "चॉपर."

पण अण्णा पुढारी माणूस. हार हातात, गर्दी समोर, मग काय! तोच हार त्यांनी सिदूच्या गळ्यात घातला आणि भाषण सुरू केलं. "देवानं पाय घेतले, तरी या गरीब लेकरानं..." पुन्हा तोच मऊ आवाज. बायकांनी पदर डोळ्याला लावले. मी सिदूकडं बघितलं. एवढा चढ चढताना जो चेहरा उजळला होता तो उतरला होता. दीड महिना आम्ही त्याला नुसती कीव खायला घालत होतो हे मला तेव्हा कळलं, आणि माझी मलाच चीड आली.

सिदूनं हार काढून शेजारच्या गाईच्या शिंगाला अडकवला. गाईनं वळून तो खायला सुरुवात केली. "आण्णा, भाषन मागून. दुधाला टाइम व्हतोय," असं म्हणून त्यानं गाडी टेबलाला भिडवली. ट्रॅक्टरची सीट आणि टेबल अगदी बेताचं जमलं. त्रिंबक फक्कीनं माखलेल्या हातांनी लांबच उभा होता. रांग लागली. रांगेत पहिली किटली नेहमीप्रमाणं अण्णांच्या घरची.

सिदूनं दूध ओतलं. डिग्री सोडली. ती वरखाली झाली आणि थांबली. त्यानं किटली उचलून परत अण्णांपुढं ठेवली.

"पानी हाय, आण्णा. बावीस."

अण्णांचा चेहरा लाल झाला. "माझ्या दुधात पानी? आरं पियाला पानी न्हाई, दुधात कुठून यील बे?"

"त्येच म्या तुमाला इचारतोय," सिदू म्हणाला.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळी रांग हसली. अण्णा कडाडले, "सिद्या! लई शाना झालास का बे? चार चाकं काय..."

"तीन हायेत," सिदू म्हणाला.

मग अण्णांनी त्याला अशी शिवी हासडली, जी मी इथं लिहू शकत नाही. आईबापासकट, पूर्ण, एका दमात. बरोबरीच्या माणसाला देतात तशी. किटली हिसकावून ते तरातरा आपल्या गड्याचा समाचार घ्यायला निघाले.

मी घाबरून सिदूकडं वळलो. त्याचे डोळे भरले होते आणि सगळं तोंड हसत होतं.

"बद्री," तो म्हणाला, "ऐकलं का बे? आण्णानं शिवी दिली मला!" आणि डोळे बाहीला पुसून रांगेकडं बघत खेकसला, "म्होरची किटली! झोपलाव का?"